सायन्स घे, मग कुठेही जाता येतं

दहावीचा निकाल लागला की आमच्या तालुक्यात एक वाक्य गावभर फिरतं. किराणा दुकानदार सांगतो, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला पाहुणा सांगतो, पुण्याहून सुट्टीला आलेला चुलतभाऊ सांगतो: “सायन्स घे, मग कुठेही जाता येतं.” सांगणारा बऱ्याचदा स्वतः सायन्सला गेलेला नसतो, आणि गेला असला तरी फार कुठे गेलेला नसतो. पण वाक्य खणखणीत असतं. त्याच्या जोडीला लगेच दुसरं येतं, “सायन्सवाल्याला आर्ट्सला येता येतं, आर्ट्सवाल्याला सायन्सला जाता येत नाही.” इथे चर्चा संपते. पोरगं मान खाली घालून फॉर्म भरायला निघतं.

मी भूगोल शिकवते. भूगोल हा विषय आमच्याकडे दोन्ही घरचा पाहुणा आहे. आर्ट्सला तर असतोच, पण राज्य मंडळाच्या नियमांत सायन्सच्या विद्यार्थ्यालाही तो घेता येतो. त्यामुळे जूनमध्ये प्रवेशाच्या टेबलावर मला दोन्ही शाखांची मुलं भेटतात, त्यांचे आईबाप भेटतात, आणि ते वरचं वाक्य तर रोजच भेटतं. या वाक्याशी माझं भांडण जुनं आहे, पण ते सोपं नाही, कारण वाक्य खोटं नाही.

नियमाच्या कागदावर ते अगदी बरोबर आहे. बारावी सायन्स झालेल्या मुलाला बी.ए.ला, बी.कॉम.ला, लॉच्या पाच वर्षांच्या कोर्सला, हॉटेल मॅनेजमेंटला, डिझाइनला, कुठेही अर्ज करता येतो. सीएचा रस्ता तर तिन्ही शाखांना खुला आहे. उलट बारावी आर्ट्सच्या मुलीला मनात आणलं तरी बी.एस्सी. फिजिक्सला बसता येत नाही. एनडीएचंच, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचंच बघा. खडकवासल्याला लष्कराच्या शाखेसाठी कुठल्याही शाखेची बारावी चालते, पण हवाई दल आणि नौदलासाठी पदार्थविज्ञान आणि गणित लागतं. मर्चंट नेव्हीला लागतं. आर्किटेक्चरला गणित लागतं. नर्सिंगच्या पदवीला जीवशास्त्र लागतं. ही यादी खरी आहे आणि सोळाव्या वर्षी ती माहीत नसण्याची किंमत मोठी आहे. गावाकडच्या पोरींना तर ती कुणी सांगतच नाही. “मला एअर फोर्समध्ये जायचंय” असं सांगणारी मुलगी सायन्सला येऊन गणित सोडते, जीवशास्त्र घेते, कारण तिच्या मैत्रिणीने तेच घेतलेलं असतं. एनडीएची परीक्षा मुलींना 2021 पासून खुली झाली, ही बातमी तिच्या घरी पोचलेली असते. विषयाची अट पोचलेली नसते.

भांडण आहे ते ‘मग’ आणि ‘कुठेही’ यांच्या मधल्या दोन वर्षांशी. त्या दोन वर्षांत नेमकं काय होतं, याबद्दल ते वाक्य काहीच बोलत नाही.

काय होतं ते मी व्हरांड्यातून बघते. दहावीला बऱ्यापैकी टक्के मिळवलेलं पोर, मराठी माध्यमाच्या शाळेतून आलेलं, अकरावी सायन्सच्या वर्गात बसतं. दहावीपर्यंत ‘त्वरण’ आणि ‘संवेग’ शिकलेल्या त्या पोराला आता सगळं इंग्रजीत ऐकायचं असतं. पहिले दोन महिने ते वहीत उतरवून घेतं. दिवाळीपर्यंत उतरवून घेणंही थांबतं. खाजगी क्लास लागतो, क्लासची फी ऐकून घरात आवाज बदलतात, एखादी म्हैस विकली जाते. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलचं जर्नल दुसऱ्याचं बघून पूर्ण होतं. बारावीला पंचेचाळीस-पन्नास टक्के पडतात, सीईटीत, म्हणजे राज्याच्या प्रवेशपरीक्षेत, पर्सेंटाइल सांगण्यासारखा येत नाही, आणि मग ते खरोखरच ‘कुठेही’ जातं. म्हणजे आमच्याच संस्थेच्या सिनियर कॉलेजात बी.ए.ला. तिथे त्याच्या शेजारी बसलेला मुलगा दोन वर्षं इतिहास, राज्यशास्त्र शिकून आलेला असतो. याची पाटी कोरी असते आणि त्यावर ‘आपल्याला जमत नाही’ एवढंच लिहिलेलं असतं. बी.ए.ला येता येतं हे खरंच. पण असं आलेलं पोर परत ताठ बसायला वर्ष-दीड वर्ष घेतं, आणि काही बसतच नाहीत.

त्यात टेबलावरचे संवाद ठरलेले. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला बाप मुलाकडे न बघता माझ्याशी बोलतो.

“मॅडम, सायन्सच द्या. आर्टला टाकून पोरगं काय करंल?”

“तुला काय आवडतं रे?” मी मुलाला विचारते.

“काय बी आवडतं बाई त्याला, तुम्ही लिवा.”

“गणितात किती पडलेत?”

“अडतीस,” हे मात्र मुलगा सांगतो, पटकन, जणू एवढा एकच प्रश्न त्याला विचारलेला असतो.

बापाला दोष द्यावा असं मला वाटत नाही. त्याने आयुष्यभर कोरडवाहू शेती केली आहे. एका पिकावर सगळं लावायचं नसतं, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. बाजरीत मटकी-हुलगा टाकणारा माणूस पोराच्या शिक्षणातही तेच करू बघतो: एक नाही उगवलं तर दुसरं उगवेल. फक्त शेतात दोन्ही बिया त्याच्या ओळखीच्या असतात, इथे एकही नसते.

सरकारनेही एकदा हा गुंता सोडवून बघितला. 2016 पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कल चाचणी घेतली जायची. सात क्षेत्रं होती: शेती, कला, वाणिज्य, ललितकला, आरोग्य, तांत्रिक आणि चक्क गणवेशधारी सेवासुद्धा. मुलं संगणकासमोर बसून प्रामाणिकपणे उत्तरं द्यायची. कागद हातात यायचा, त्यावर कल ललितकलेकडे असल्याचं छापलेलं असायचं. आईबाप कागद कौतुकाने बघायचे, घडी करून पिशवीत ठेवायचे आणि सायन्सच्या रांगेत उभे राहायचे. पुढे ती चाचणी मागे पडली. कल कळून करायचं काय, हा प्रश्न तिने सोडवला नव्हताच. तालुक्याच्या गावात ललितकला शिकवतं कोण?

हा मुद्दा शहरातल्या वाचकाला पटकन कळणार नाही. विषय निवडायचा म्हणजे आधी तो तिथे शिकवला जायला हवा. 2025 पासून अकरावीचे प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. त्याआधी ते मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती अशा ठिकाणीच होते. आता आमची पोरंही मोबाइलवर भाग एक, भाग दोन भरतात, दहा कॉलेजांचे पसंतीक्रम देतात, कट-ऑफची भाषा बोलतात. पण त्या फॉर्मात शाखा भरायची असते. विषय ठरतात ते कॉलेजच्या टेबलावर, एका झेरॉक्स केलेल्या कागदावरून, ज्यावर ‘गट’ छापलेले असतात. सायन्सला: फिजिक्स, केमिस्ट्री, गणित, जीवशास्त्र, म्हणजे पीसीएमबी. नाहीतर गणित सोडून भूगोल. नाहीतर जीवशास्त्र सोडून भूगोल. बायफोकलची, म्हणजे व्यवसायाकडे झुकलेल्या विषयांची, मान्यता असेल तर कॉम्प्युटर सायन्स, इलेक्ट्रॉनिक्स किंवा क्रॉप सायन्स, प्रत्येकी दोनशे मार्कांचे. ते घेतलं की दुसरी भाषा आणि आणखी एक विषय सुटतो. कॉमर्सला बुक-कीपिंग (बीके), ऑर्गनायझेशन ऑफ कॉमर्स (ओसी), इकॉनॉमिक्स, आणि मग सेक्रेटरियल प्रॅक्टिस (एसपी) की गणित हा एकच खरा प्रश्न. आर्ट्सला इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि फार तर समाजशास्त्र. मानसशास्त्र नाही, तर्कशास्त्र नाही, कारण त्यांना मास्तर नाही. मंडळाची विषययादी लांबलचक आहे. गटाचा कागद मात्र ज्याची पगाराची मंजूर जागा आहे त्याच्याच विषयांचा असतो. ‘विद्यार्थी विषय निवडतो’ असं माहितीपुस्तकात छापलेलं असतं, आणि माहितीपुस्तक आम्हीच छापतो.

पीसीएमबीबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण ‘कुठेही’चं सगळ्यात शुद्ध रूप ते आहे. गणितही ठेवायचं, जीवशास्त्रही ठेवायचं, म्हणजे इंजिनीअरिंग आणि मेडिकल दोन्ही वाटा मोकळ्या. हुशार मुलाला ते झेपतं, काही जणांना त्याचा फायदाही होतो. राहुरी, दापोली, अकोला, परभणी इथल्या कृषी विद्यापीठांकडे बघणाऱ्या मुलाला गणित की जीवशास्त्र हा पेच तसाही पडत नाही, कृषीच्या पदवीला दोन्ही गट चालतात. फार्मसीलाही चालतात. पण सर्वसाधारण मुलाने चारही विषय धरले की चारही विषयांतून त्याचे हात थोडे थोडे सुटतात. सीईटीच्या पीसीएम गटात गणिताच्या प्रत्येक प्रश्नाला दोन मार्क आहेत, फिजिक्स-केमिस्ट्रीला एक. दोनशेपैकी शंभर गुण एकट्या गणिताचे. म्हणजे ‘ठेवलेलं’ गणित तिथे उपयोगाचं नाही, रोज सोडवलेलं गणित लागतं. दुसऱ्या बाजूला ‘नीट’, म्हणजे मेडिकलची प्रवेशपरीक्षा. 2024 साली सुमारे 24 लाख मुलांनी नीटसाठी नोंदणी केली आणि देशात एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाहून थोड्या अधिक. त्या वाटेवर जाणाऱ्याने जीवशास्त्र नुसतं राखून ठेवून चालत नाही. त्यातच खावं लागतं, त्यातच झोपावं लागतं. दोन्ही वाटा मोकळ्या ठेवणारं मूल बहुतेकदा दोन्ही वाटांच्या तोंडाशी उभं असतं.

आणि जे एकाच वाटेला लागतात, त्यांचं कॉलेज फक्त नावापुरतं उरतं. ‘इंटिग्रेटेड’ म्हणजे नाव आमच्यासारख्या एखाद्या कॉलेजात, शिकवणी क्लासमध्ये. 2018 मध्ये सरकारने विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला होता, तो याच कारणाने. अंगठे उमटवण्याने मुलं वर्गात परत येतील अशी आशा ज्याने केली असेल, तो माणूस भला असला पाहिजे. लातूरची गोष्ट वेगळी. तिथे कॉलेजांनी स्वतःच क्लाससारखं राबायचं ठरवलं आणि त्याचा पॅटर्न झाला. आमच्या भागातली पोरंही तिकडे खोल्या करून राहतात. त्यांच्या कष्टाबद्दल मला आदर आहे. दुपारच्या जेवणाच्या डब्यासमोरही प्रश्नपत्रिका उघडी ठेवणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाकडे बघून मात्र मला आणखीही काही वाटतं, ते इथे लिहीत नाही.

भाषेचं काय होतं हेही याच टेबलावर दिसतं. बारावीला सक्तीची भाषा एकच, इंग्रजी. दुसरी भाषा म्हणून मराठी, हिंदी, संस्कृत यांतलं काही घ्या, किंवा त्याऐवजी माहिती तंत्रज्ञान, म्हणजे आयटी. आयटीचा पेपर संगणकावर असतो आणि मार्क सढळ पडतात, असा लौकिक आहे. त्यामुळे ज्या कॉलेजात आयटी आहे तिथे सायन्सच्या वर्गातून मराठी जवळजवळ उठून जाते. पहिलीपासून दहावीपर्यंत मराठी सक्तीची करणारा कायदा 2020 मध्ये झाला, आणि दहावीचा निकाल लागल्यावर चार-सहा आठवड्यांत मुलं हसत हसत ती सोडतात. आमच्या मराठीच्या मॅडमचा कार्यभार दरवर्षी कमी होतो. स्टाफरूममध्ये त्या काही बोलत नाहीत. आम्ही इतर जण त्यांच्यासमोर आयटीचा विषय काढत नाही. मला विचाराल तर त्या पाच-सात जादा मार्कांसाठी दोन वर्षांचं वाचन घालवणं हा सगळ्यात तोट्याचा व्यवहार आहे. पण मार्क डोळ्यांना दिसतात, न वाचलेली पानं दिसत नाहीत.

मग तुम्ही मुलांना सांगता तरी काय, असं विचाराल. एक गोष्ट मी आग्रहाने सांगते, आणि ती सगळ्यांना सारखी सांगत नाही. गणित सोडण्याआधी दोनदा विचार कर. बाकीचे विषय सुटले तरी पुढे कधीतरी हाताला लागतात. इतिहास चाळिशीत वाचता येतो. राज्यशास्त्राची पुस्तकं कुणीही घेऊन बसू शकतं. जीवशास्त्राच्या बाबतीत तर नियमही आता सैल झाला आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सांगितलं की बारावीला जीवशास्त्र नसलेल्या विद्यार्थ्याने नंतर तो विषय अतिरिक्त म्हणून मान्यताप्राप्त मंडळाकडून दिला, तरी तो नीटला पात्र धरला जाईल. गणिताबद्दलही 2021 मध्ये एआयसीटीईने, म्हणजे देशाच्या तंत्रशिक्षण परिषदेने, कागदावर असाच मोकळेपणा दाखवला होता. चौदा विषयांची यादी दिली आणि त्यातले कुठलेही तीन इंजिनीअरिंगला चालतील म्हटलं. केवढा गदारोळ झाला! आपल्याकडे इंजिनीअरिंगच्या सीईटीत गणित आहेच, आणि पहिल्या सेमिस्टरला ते दारातच उभं असतं. कागदावरच्या सवलतीने कुणाला इंटिग्रेशन येत नाही.

गणिताचं म्हणाल तर त्याची गरज भलत्या ठिकाणी उगवते. अर्थशास्त्रात एम.ए. करायचं म्हटलं तर चांगल्या संस्थांच्या प्रवेशपरीक्षेत निम्मा पेपर गणिताचाच वाटावा अशी स्थिती असते. मानसशास्त्राला गेलेली मुलगी दुसऱ्या वर्षी संख्याशास्त्रापाशी अडते. आमच्या भूगोलातसुद्धा आता उपग्रहांची चित्रं आणि जीआयएस, म्हणजे संगणकावरची नकाशा-प्रणाली, आलं आहे. नकाशा रंगवून भागत नाही. कॉमर्सची मुलं गणित नको म्हणून एसपी घेतात आणि सीए फाउंडेशनला तेच गणित पुन्हा भेटतं. यावर कुणी म्हणेल, मग सगळ्यांना गणित घ्यायलाच लावा. ते मला मान्य नाही. अडतीस मार्कांच्या त्या मुलाला गणित म्हणजे रोजचा अपमान आहे. त्याला मी सांगते, सोड, आणि सोडल्याबद्दल वाईट वाटून घेऊ नकोस. ज्याला गणित बऱ्यापैकी येतं पण कंटाळा येतो, त्याच्याशी मी भांडते.

दुसरं म्हणजे, पुढच्या नोकरीकडे बघून विषय ठरवायचा या सल्ल्यावर माझा विश्वास वर्षागणिक कमी होत गेला आहे. सल्ला वाईट म्हणून नव्हे. नोकऱ्या जागेवर थांबत नाहीत म्हणून. 1983 मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित इंजिनीअरिंग कॉलेजांना वाट करून दिली आणि आमच्याकडे गणितवाला ‘ए ग्रुप’ म्हणजे सोनं झालं. त्यानंतर डी.एड.चं पीक आलं. बारावी केली, डी.एड. केलं, की जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. घरटी एक डी.एड. असावा असं वाटायचं. लग्नाच्या बाजारात डी.एड. मुलीला वेगळा भाव होता. बारावीला ऐंशी टक्क्यांच्या वर गेलेली मुलं डॉक्टरकीचं सोडून डी.एड.ला गेलेली मी पाहिली आहेत. मग 2012 मध्ये शिक्षकभरती थांबली, 2013 मध्ये टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आली, आणि बघता बघता डी.एड. कॉलेजांना कुलपं लागली. ज्यांनी अगदी शहाण्यासारखा, नोकरी समोर ठेवून, आईबापांचं ऐकून विषय निवडला होता, ते पदविका घेऊन वर्षानुवर्षं भरतीची वाट बघत बसले. त्यांचं काही चुकलं नव्हतं. इंजिनीअरिंगचंही पुढे तेच. मेकॅनिकल, सिव्हिलच्या जागा रिकाम्या पडू लागल्या आणि आता कॉम्प्युटरशिवाय, एआयशिवाय कुणी बोलत नाही. आज अकरावीला बसलेली मुलगी नोकरीच्या दारात उभी राहील तोवर सहा-सात वर्षं गेलेली असतील. तेव्हा काय चालेल हे मला माहीत नाही, तिच्या बापाला माहीत नाही आणि पुण्याच्या चुलतभावालाही माहीत नाही. फक्त तो कबूल करत नाही.

या सगळ्यात आर्ट्सचं नशीब मोठं गमतीचं आहे. अकरावीच्या टेबलावर ज्या विषयांना ‘टाकणं’ म्हणतात, तेच विषय पाच-सहा वर्षांनी लोक स्पर्धा परीक्षांसाठी खोली भाड्याने घेऊन, मेस लावून शिकतात. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावून बघा. मेकॅनिकल इंजिनीअर झालेला मुलगा मान मोडून राज्यघटना वाचतोय, बी.एस्सी. अॅग्री झालेली मुलगी महाराष्ट्राचा इतिहास वाचतेय, आणि दोघांच्या टेबलावर राज्य मंडळाची अकरावी-बारावीची भूगोलाची पुस्तकं आहेत. माझा विषय! मी वर्गात तो शिकवत होते तेव्हा हे दोघं व्हरांड्यापलीकडच्या वर्गात केमिस्ट्रीचे मोल मोजत होते. स्पर्धा परीक्षेवरून परत आलेला माझा एक माजी विद्यार्थी (माजी म्हणजे कॉलेजचा, माझा नव्हे) मागे भेटला. म्हणाला, “मॅडम, मान्सूनचं ते परतीच्या वाऱ्यांचं नीट समजत नाही, जरा सांगता का?” सांगितलं. स्टाफरूमच्या दारात उभ्या उभ्या, वीस मिनिटं. त्याला ते आवडलं होतं, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. सोळाव्या वर्षीही आवडलं असतं कदाचित.

शाखांची ही भिंत फार जुनी आहे असंही नाही. आधी अकरावीची मॅट्रिक होती, त्यानंतर कॉलेज. कोठारी शिक्षण आयोगाने 1966 मध्ये दहा अधिक दोन अधिक तीनची घडी सुचवली. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक त्या आयोगाचे सदस्य-सचिव होते. महाराष्ट्रात दहावीची पहिली तुकडी 1975 साली बाहेर पडली. त्या आयोगाच्या कल्पनेत अकरावी-बारावीच्या टप्प्यावरची निम्मी मुलं व्यवसायशिक्षणाकडे वळायची होती. आज आमच्या कॉलेजात व्यवसाय अभ्यासक्रमाची तुकडी इमारतीच्या मागच्या बाजूला बसते आणि तिथे कोण जातं ते सगळ्यांना ठाऊक आहे. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण म्हणतं, कला आणि विज्ञान यांच्यात कडक विभागणी नको. वाक्य वाचायला छान आहे. आमच्या गटाच्या झेरॉक्सवर ते अजून उतरलेलं नाही.

ती भिंत ओलांडणारी माणसं आपल्याकडे होऊन गेली, हेही खरं. गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी हार्वर्डला शिकलेले गणिती. फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे, पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते. संख्याशास्त्राचा प्रयोग करायला म्हणून जुनी नाणी तराजूत घालायला लागले, हजारो नाणी तोलली, आणि नाण्यांच्या झिजेवरून प्राचीन भारताच्या इतिहासातच शिरले. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं, मुंबईत समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्यांकडे समाजशास्त्र केलं आणि बर्लिनला जाऊन मानवी कवट्या मोजल्या. ही नावं मी टेबलावर घेत नाही. मोठ्या माणसांची उदाहरणं ऐकून मुलं हरखतात आणि आईबाप बिथरतात. शिवाय त्या काळी कॉलेजापर्यंत पोचणंच इतकं दुर्मीळ होतं, की पोचलेल्याला वाट बदलायची चैन परवडायची. आमच्या पोरांना एक वर्ष वाया घालवणं परवडत नाही. म्हणून तर ते वाक्य इतकं चालतं.

बारावीच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेवर वरती काय छापलेलं असतं, ते कधी नीट वाचलंय? ‘गणित व संख्याशास्त्र’, आणि कंसात ‘कला व विज्ञान’. कॉमर्सचं गणित वेगळं, पण आर्ट्स आणि सायन्सचा पेपर एकच. म्हणजे राज्य मंडळाच्या लेखी आर्ट्सच्या विद्यार्थ्याला गणित घेता येतं. अर्थशास्त्र, भूगोल, राज्यशास्त्र आणि गणित, असा सुंदर संच बांधता येतो. मी इतकी वर्षं शिकवतेय, आमच्या तालुक्यात तो कुणी घेतलेला पाहिला नाही, कारण आर्ट्सच्या वेळापत्रकात गणिताचा तास नाही. गणिताचे सर सायन्सच्या वर्गावर असतात त्या वेळी आर्ट्सला इतिहास असतो.

मागे एक मुलगी नेमकं हेच मागायला आली. दहावीला गणितात पंच्याण्णवच्या पुढे, आणि म्हणत होती, मला अर्थशास्त्र शिकायचंय. बाप दूध संघाच्या गाडीवर ड्रायव्हर. तिने कुठूनतरी वाचून ठेवलं होतं की अर्थशास्त्राला पुढे गणित लागतं. आम्ही दोघींनी वेळापत्रक समोर घेऊन तासभर खटपट केली. प्राचार्यांकडे गेले, गणिताच्या सरांना विचारलं. सर तयार होते, तासिका जुळत नव्हत्या. शेवटी तिने सायन्सला प्रवेश घेतला: फिजिक्स, केमिस्ट्री, गणित आणि चौथा विषय भूगोल. दुसरी भाषा मराठी, हे तिनेच लिहिलं. केमिस्ट्री तिला अजिबात आवडली नाही. दोन वर्षं तिने ती तुरुंगासारखी काढली, पण गणितासाठी काढली आणि कशासाठी काढतेय हे तिला माहीत होतं. लागून आलेली सीईटी दिली नाही म्हणून घरात आठवडाभर अबोला होता. मग ती साताऱ्याला बी.ए.ला गेली, अर्थशास्त्र घेऊन, आणि आता एम.एस्सी.ला संख्याशास्त्र मिळेल का याची चौकशी करतेय. ते बहुधा मिळणार नाही, पदवीला पुरेसं गणित नाही म्हणतात. त्यावर ती कुठल्या तरी ऑनलाइन कोर्समधून वाट काढायच्या खटपटीत आहे.

म्हणजे सायन्स घेऊन ती आर्ट्सला गेली. तंतोतंत त्या वाक्याप्रमाणे. हे मला मान्य करायला लागतं आणि जरा जड जातं.

तिचे वडील अधूनमधून सकाळी दुधाची गाडी घेऊन जाताना स्टँडवर भेटतात. गाडी बाजूला घेतात, काच खाली करतात, पोरीची खुशाली सांगतात. परवा म्हणाले, “मॅडम, एक इचारू का? सोयरीक घिऊन लोक येत्यात, पोरगी कशात शिकती म्हंत्यात. आधी सायन्स हुती, मग आर्टला गेली, आता परत गणिताचं कायतरी म्हंती. मी लोकान्ला काय सांगायचं, ती नक्की कशात हाय?”

“अर्थशास्त्रात म्हणून सांगा.”

“ते सांगितलं. त्ये म्हणलं, म्हंजी बँकेत का?”

मागून एसटीने हॉर्न दिला. “हो म्हणा,” मी म्हटलं, “बँकेतही जाता येतं.”